मध्यस्थांचं बेट

माल्टाच्या विमानतळाची धावपट्टी संपते त्याच्या पलीकडेच किर्कोप नावाचं गाव आहे. रस्ता धावपट्टीखालच्या बोगद्यातून जातो, बोगद्यातून वर आलं की दोन-तीन वळणांत गावाचा चौक लागतो. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात बँडपथकांचे दोन क्लब आहेत. एक संत लिओनार्डचा, दुसरा संत जोसेफचा. लिओनार्ड हा गावचा मानाचा संत, चर्च त्याच्या नावाचं. जोसेफ दुसऱ्या मानाचा, पण त्याचे भक्त ते कधीच मान्य करणार नाहीत. कुठलं घर कुठल्या क्लबचं हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं असतं आणि लग्न जुळवतानासुद्धा त्याची चौकशी होत असे.

मी किर्कोपला गेले ती जेरेमी ब्वासवेन या डच मानववंशशास्त्रज्ञाच्या ओढीने. तो आधी 'केअर' या मदतसंस्थेच्या कामासाठी माल्टात आला होता, मग 1960-61 मध्ये गावांचा अभ्यास करायला पुन्हा आला. त्यातून 1965 साली 'सेंट्स अँड फायरवर्क्स' हे पुस्तक झालं आणि 1969 साली 'हाल फारूज' नावाच्या एका गावाचं चित्रण. हाल फारूज हे बनावट नाव. ते गाव म्हणजे किर्कोप. खेड्यातल्या माणसाला सरकारदरबारी काम असेल तर तो कुणाकडे जातो, तो मनुष्य पुढे कुणाच्या कानावर घालतो आणि त्या बदल्यात कुणाला काय द्यावं लागतं, हा ब्वासवेनचा आयुष्यभराचा विषय. 1974 साली त्याने याच विषयावर 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स' लिहिलं. आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाला तो विषय परका वाटणार नाही. मला तो वर्षानुवर्षं खुणावत होता, कारण ब्वासवेनने 1977 साली एका निबंधात असं मांडलं होतं की माल्टातली ही वशिलेबाजी आता ओसरत चालली आहे. शिक्षण वाढलं, रोजगार वाढला, राज्य स्वतःचं झालं, तेव्हा मध्यस्थाची गरज उरणार नाही. ते खरं झालं का, हे मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

माल्टाचं क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याहूनही कमी. लोकसंख्या पाच लाखांच्या वर. युरोपच्या नकाशावर सिसिलीच्या खाली ते शोधावं लागतं. पण एखाद्या समाजात सत्ता घराघरात कशी उतरते हे बघायचं असेल तर लहान देशाइतकी चांगली जागा नाही. इथे कुणीच कुणाला अनोळखी नसतो, आणि मंत्री भाजीच्या दुकानात भेटतो.

मी पोचले तेव्हा ऑगस्टचा मध्य होता, म्हणजे जत्रांचा ऐन हंगाम. 15 ऑगस्टला सांता मारिया, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. देशातल्या सात गावांत तो त्या दिवशी साजरा होतो. त्यातलं एक इमआब्बा, किर्कोपच्या शेजारचं. गावाभोवती चुनखडीच्या खाणी आहेत. माल्टातली जुनी घरं ज्या मधाच्या रंगाच्या दगडाची आहेत, तो दगड इथल्यासारख्या खाणींतूनच निघतो. या गावातही दोन तट. एक सांता मारियाचा, त्यांच्या बँडला ब्रिटिश राजा पाचव्या जॉर्जचं नाव. दुसरा लिलीचा, ज्याला माल्टी भाषेत 'जिल्यू' म्हणतात. दोघांचे दारूकामाचे कारखाने वेगळे, आणि वर्षभर गावातली माणसं दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी तिथे फुकट राबतात. या कारखान्यांत स्फोट होऊन आजवर कितीतरी माणसं गेली आहेत, तरी दुसऱ्या वर्षी जागा रिकाम्या राहत नाहीत.

संध्याकाळी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. घरांवर लाल दमास्कचे पडदे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांवर संतांचे पुतळे, कोपऱ्याकोपऱ्यावर बदामाच्या चिक्कीसारख्या 'उब्बाय्त'चे गाडे. एकाच रंगाचे टीशर्ट घातलेली पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून बँडच्या तालावर ओरडत होती, गच्च्यांवरून कागदाचे तुकडे पडत होते. चर्चच्या दारातून मेरीची मूर्ती खांदेकऱ्यांच्या खांद्यांवर बाहेर आली तेव्हा शेजारच्या आजीने माझा दंड घट्ट धरला आणि सोडला तो मूर्ती वळणापलीकडे गेल्यावरच. 1942 साली, महायुद्धात, याच दिवशी उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेल्या बेटावर मदतीच्या ताफ्यातलं 'ओहायो' हे मोडकंतोडकं तेलवाहू जहाज पोचलं होतं. त्या ताफ्याला माल्टी लोक अजून सांता मारियाचा ताफा म्हणतात. आजीच्या आईने ते जहाज बंदरात शिरताना पाहिलं होतं.

गर्दीतून सुटका करून घ्यायला मी एका क्लबात शिरले. खाली बार, वर तालमीचा हॉल. भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, काचेच्या कपाटात करंडक, आणि जिन्याच्या तोंडाशी संगमरवरी पाटी. पाटीवर कोरलं होतं की या जागेचं नूतनीकरण झालं, अमुक मंत्र्यांनी उद्घाटन केलं आणि अमुक धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला. मंत्र्याचं नाव धर्मगुरूच्या नावाच्या वर होतं आणि अक्षरंही थोडी मोठी होती. पुढच्या दिवसांत अशा पाट्या मला जिथे तिथे दिसल्या: शाळेत, दवाखान्यात, बागेत, समुद्रात उतरायच्या पायऱ्यांवर. लोकांच्या करातून बांधलेल्या पायरीवर कुणाचं तरी नाव असतंच, आणि त्या पायरीवरून उतरणारा दरवेळी ते वाचतो.

संतांवाचून स्वर्गात जाता येत नाही, अशी माल्टी म्हण आहे. ब्वासवेनचं सगळं म्हणणं या म्हणीभोवती फिरतं. देव थोर, पण दूर. त्याच्याशी थेट बोलायची आपली पायरी नाही. तेव्हा जवळच्या संताला नवस बोलायचा, तो वर शब्द टाकेल. पृथ्वीवरची व्यवस्थाही तशीच होती, आणि तिला कारण होतं. 1530 ते 1798 इथे सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं, 1800 पासून ब्रिटिशांचं. राज्यकर्ते कायम बाहेरचे. गावातला माणूस माल्टी बोलायचा, ती अरबीतून आलेली भाषा. कोर्टाचं काम चालायचं इटालियनमध्ये, गव्हर्नरच्या कचेरीचं इंग्रजीत. माल्टीला राजभाषेचा दर्जा मिळाला तो 1934 साली, आणि सक्तीचं शिक्षण आलं 1946 साली. तोवर साधा अर्ज करायचा तरी धर्मगुरू, नोटरी, डॉक्टर किंवा वकील गाठावा लागे. ही मंडळी अर्ज लिहीत, ओळख देत, रदबदली करत. पुढे निवडणुका आल्या तेव्हा हेच डॉक्टर आणि वकील उमेदवार झाले. आजही माल्टाच्या संसदेत वकील आणि डॉक्टर भरपूर आहेत.

त्या काळातल्या माणसाने मध्यस्थ गाठला याचा मला जराही राग येत नाही. दार त्याच्या भाषेत उघडतच नव्हतं. प्रश्न पुढचा आहे. दार त्याच्या भाषेत उघडायला लागल्यावर, उंबऱ्यावर पुन्हा माणूस कुणी बसवला?

मी सिज्जीवी गावात एका निवृत्त शिक्षिकेकडे राहत होते. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, बोलताना वाक्य पूर्ण करणाऱ्या बाई. रात्री अंगणात वारा सुटला की आम्ही बोलत बसायचो. त्यांचे वडील खाणकामगार आणि मजूर पक्षाचे. मजूर पक्ष म्हटलं की डॉम मिंटॉफ. गोदीच्या वस्तीत, बोर्मलाला 1916 साली जन्मलेला, ब्रिटिश नौदलात आचारी असलेल्या माणसाचा मुलगा, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला, पेशाने वास्तुविशारद. या माणसाला एकाच वेळी ब्रिटिश साम्राज्याशी आणि कॅथलिक चर्चशी भांडायचं होतं, आणि दोन्ही भांडणं त्याने केली.

8 एप्रिल 1961 रोजी आर्चबिशप मायकल गोन्झी यांनी मजूर पक्षाच्या कार्यकारिणीला चर्चच्या संस्कारांची बंदी केली. पक्षाचं वर्तमानपत्र वाचणं हे महापाप ठरलं, आणि 1962 च्या निवडणुकीत त्या पक्षाला मत देणंसुद्धा. बाईंचे वडील पेपर घ्यायचे. ईस्टरच्या आधी धर्मगुरू घरोघर जाऊन घर आशीर्वादित करतो, तो त्या काळात एका वर्षी त्यांचं दार ओलांडून शेजारी गेला. आईने सकाळपासून घासूनपुसून घर लखलखीत ठेवलं होतं, नवा टेबलक्लॉथ अंथरला होता. वडील एक शब्द बोलले नाहीत. आई मात्र त्यानंतर कित्येक महिने वडिलांशी बोलत नव्हती. पक्षाचे उपनेते आणि लेखक जुझे एल्लुल मेर्सेर 1961 मध्येच वारले, त्यांना दफनभूमीच्या आशीर्वाद नसलेल्या कोपऱ्यात पुरलं. लोक त्या कोपऱ्याला उकिरडा म्हणत. बाई हे सांगताना आवाज चढवत नव्हत्या, पण हातातला चमचा त्यांनी तीनदा उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला. 1969 मध्ये चर्च आणि पक्षाचा समेट झाला.

स्वातंत्र्य 21 सप्टेंबर 1964 ला आलं होतं. 1971 मध्ये मिंटॉफ जेमतेम एका जागेच्या बहुमताने सत्तेवर आला आणि त्याने देश खरोखर बदलला. ब्रिटिशांकडून लष्करी तळाचं भाडं वाजवून घेतलं, 1974 मध्ये प्रजासत्ताक केलं, 31 मार्च 1979 ला शेवटचं ब्रिटिश लष्कर बेटावरून निघालं. किमान वेतन, वाढीव पेन्शन, मुलांचा भत्ता, सरकारी घरं, बायकांना पुरुषांइतका पगार, हे सगळं त्या वर्षांतलं. खाणीत हाडं झिजवलेल्या माणसाला म्हातारपणी स्वतःच्या हक्काचे पुरेसे पैसे मिळू लागले. मिंटॉफच्या इतर गोष्टींबद्दल मला कितीही तक्रार असली, तरी या कामापुढे मी मान लववते.

ब्वासवेनने 1977 चा तो निबंध लिहिला तो याच काळाच्या मध्यावर. धर्मगुरूचा दरारा गेला होता, लिहितावाचता येणारी पिढी उभी राहिली होती, पेन्शन पोस्टाने येत होती. संतांच्या मिरवणुकाही ओसरतील असं त्याला वाटत होतं. निष्कर्ष वाजवी होता. पण जत्रा ओसरल्या नाहीत, उलट दणक्यात वाढल्या, आणि पुढे हे त्याने स्वतःच नोंदवलं. मध्यस्थही ओसरला नाही. धर्मगुरूने सोडलेल्या खुर्चीवर पक्ष येऊन बसला.

कारण आधुनिक राज्याने देण्यासारख्या गोष्टीच इतक्या निर्माण केल्या. पूर्वीच्या मध्यस्थाकडे द्यायला होतं काय, तर एक शिफारसपत्र. आता सरकारकडे नोकऱ्या होत्या, घरं होती, आयातीचे परवाने होते, बदल्या होत्या, टेलिफोन होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयातीवर कडक बंधनं होती. साधं परदेशी चॉकलेट मिळत नसे, सिसिलीला गेलेला माणूस पिशवी भरून आणायचा. रंगीत टीव्ही हवा तर कुणाला तरी सांगावं लागे. फोनच्या लाईनला वर्षं लागत, आणि शेजाऱ्याला आठवड्यात मिळाली की सगळी गल्ली समजायची. बाईंच्या सोबतची एक शिक्षिका दुसऱ्या पक्षाच्या घरातली. तिची बदली गोझो बेटावर झाली. रोज बोटीने ये-जा, घरी दोन लहान मुलं. आणि बाईंच्या धाकट्या भावाला 1987 च्या निवडणुकीआधी सरकारी नोकरी लागली. त्या काही महिन्यांत हजारो माणसं अशी सरकारी पगारावर घेतली गेली. "भाऊ आयुष्यभर त्या पक्षाला मिंधा राहिला," अशा अर्थाचं त्या बोलल्या. वडील पक्षाचे होते ते विचाराने, भाऊ झाला तो नोकरीने, आणि हा फरक त्यांना आजही सलतो.

दरम्यान देश दोन छावण्यांत चिरला गेला होता. 15 ऑक्टोबर 1979 ला जमावाने 'टाइम्स ऑफ माल्टा'ची इमारत जाळली आणि विरोधी राष्ट्रवादी पक्षाचे नेते एडी फेनेक आदामी यांचं घर फोडलं. 1981 च्या निवडणुकीत राष्ट्रवादी पक्षाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली, पण 65 पैकी 34 जागा मजूर पक्षाला. 1987 मध्ये घटना दुरुस्त करून ती विसंगती दूर झाली आणि फेनेक आदामी पंतप्रधान झाले. आयात खुली झाली, 1993 च्या कायद्याने गावोगाव स्थानिक परिषदा आल्या, 1 मे 2004 ला देश युरोपीय संघात गेला. वाटलं असेल की आता तरी सुटका.

सुटका न होण्याचं एक कारण निवडणुकीच्या यंत्रातच आहे, आणि ते मला फार उशिरा नीट उमगलं. देशात 13 मतदारसंघ, प्रत्येकातून पाच खासदार. मतदार पक्षावर शिक्का मारत नाही. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे लिहितो. 1921 पासून हीच पद्धत. एका पक्षाचे दहा-बारा उमेदवार एकाच मतदारसंघात उभे असतात आणि निवडून यायला साधारण चार हजारांच्या आत मतं पुरतात. आता दोन्ही पक्षांचे मतदार तर पिढीजात ठरलेले. म्हणजे उमेदवाराची खरी झुंज समोरच्या पक्षाशी नसते. ती आपल्याच पक्षातल्या शेजाऱ्याशी असते. दोघांचा जाहीरनामा एक, झेंडा एक, नेता एक. मग वेगळेपण दाखवायचं कशात? कामं करण्यात. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या गच्चीला परवानगी, कुणाच्या आईची शस्त्रक्रिया लवकर. चार हजार मतं म्हणजे हजार-दीड हजार घरं. तेवढ्या घरांतल्या प्रत्येकाचं दुखणं-खुपणं एक हुशार माणूस लक्षात ठेवू शकतो. उमेदवार प्रत्येक घरी जातो, कॉफी घेतो, वही काढतो. बाईंच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर अशा उमेदवारांची चुंबकं ओळीने लावलेली होती, दोन्ही पक्षांची. घरी आलेल्या माणसाची वस्तू फेकू नये म्हणून ठेवलीत, असं त्या म्हणाल्या.

आता तर या कामाला कचेरी आहे. मंत्रालयांमध्ये 'कस्टमर केअर' नावाचा विभाग असतो. नागरिक तिथे फोन करतो, तिथला माणूस खात्यात फोन करतो. 2023 मध्ये छापून आलेल्या मोबाईलवरच्या संदेशांतून उघड झालं की ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांची नावं मंत्र्यांच्या माणसांकडून परीक्षा घेणाऱ्या खात्याकडे जात होती, मदत करा म्हणून. पंतप्रधान रॉबर्ट आबेला यांनी लोकांना मदत करणं हे राजकारण्याचं कामच आहे असं सांगून त्याची पाठराखण केली. त्याच वर्षी दुसरं प्रकरण बाहेर आलं: फेफरं येत असल्याची खोटी वैद्यकीय कागदपत्रं दाखवून शेकडो माणसं गंभीर अपंगत्वाचा भत्ता घेत होती. ज्याला खरोखर फेफरं येतं त्या माणसाने हे वाचून काय करावं? गाडी चालवायला न येणारा पास झाला तर रस्ता ओलांडणाऱ्या पोराने कुणाकडे वशिला लावावा? मला हा प्रश्न छळतो. वशिल्याने मिळालेल्या प्रत्येक गोष्टीच्या मागे, रांगेत नीट उभा राहिलेला कुणीतरी एक पायरी मागे ढकललेला असतो आणि त्याला ते कळतही नाही.

एका सकाळी बिर्गूला गेले. तीन तटबंद शहरं, मधोमध खाडी, समोर राजधानी व्हॅलेटा. इथल्या गोदीवर ब्रिटिश आरमार पोसलं गेलं आणि गोदीवर हजारो माल्टी घरं. मजूर पक्ष वाढला तो इथेच. स्वातंत्र्यानंतर गोदी तोट्यात गेली, तरी दशकानुदशकं कुठल्याही सरकारने तिला हात लावायची हिंमत केली नाही, कारण प्रत्येक कामगारामागे एक घर होतं. 2010 मध्ये ती खाजगी हातांत गेली. आता धक्क्यावर पांढऱ्या शुभ्र खाजगी बोटी रांगेने उभ्या आहेत, एकेकीची किंमत एका गल्लीएवढी. याच धक्क्याच्या प्रकल्पावरून 1998 साली म्हाताऱ्या मिंटॉफने आपल्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिलं आणि आल्फ्रेड सान्त यांचं दोन वर्षांचं सरकार पडलं. सान्त यांनी जुनी हांजीहांजी मोडायचा थोडाफार प्रयत्न केला होता असं तिथले काही जण मानतात.

देश श्रीमंत झाला आहे हे उघड्या डोळ्यांना दिसतं. पण ती श्रीमंती आकाशात क्रेनच्या रूपाने उभी आहे. स्लीमाला समुद्रावरची जुनी दुमजली घरं शोधावी लागतात. 2006 मध्ये राष्ट्रवादी सरकारने बांधकामाच्या हद्दी वाढवल्या, पुढच्या मजूर सरकारांनी कंत्राटदारांना आणखी मोकळं रान दिलं; या बाबतीत दोन्ही छावण्यांचं कधी भांडण झालं नाही. डिसेंबर 2022 मध्ये कोर्डिन इथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून वीस वर्षांचा एक तरुण गेला. जमीन सरकारी, औद्योगिक वापरासाठी दिलेली. त्याच्या आईने सार्वजनिक चौकशी मागितली. जुलै 2023 मध्ये संसदेत सत्ताधाऱ्यांनी तो ठराव फेटाळला, आई प्रेक्षकांच्या सज्जात बसलेली असताना. लोक इतके खवळले की काही दिवसांत सरकारला चौकशी नेमावी लागली आणि फेब्रुवारी 2024 च्या अहवालाने शासनयंत्रणेवर ठपका ठेवला. त्या बाईने कुणाची ओळख काढली नाही. ती रस्त्यावर उभी राहिली आणि तिच्यामागे दोन्ही पक्षांची माणसं उभी राहिली. माल्टाच्या राजकारणात यापेक्षा आशेची गोष्ट मला दिसली नाही.

व्हॅलेटात कोर्टाच्या समोर 1565 च्या महावेढ्याचं स्मारक आहे. त्याच्या पायथ्याशी मेणबत्त्या, फुलं आणि डॅफ्नी कारुआना गालिझिया हिचे फोटो. ही पत्रकार सत्तेतल्या लागेबांध्यांवर लिहीत होती. 16 ऑक्टोबर 2017 ला बिदनिया गावात, घरापासून थोड्याच अंतरावर, तिच्या गाडीत बाँब फुटला. लोकांनी इथे फुलं ठेवायला सुरुवात केली, सरकारी माणसं रोज ती उचलून न्यायची, लोक पुन्हा ठेवायचे. शेवटी जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की फुलं हटवणं हा अभिव्यक्तीच्या हक्कावर घाला होता. तोवर हत्येच्या तपासाने सरकारच्या आतल्या वर्तुळापर्यंत धग नेली होती आणि त्याच महिन्यात पंतप्रधान जोसेफ मस्कत पायउतार झाले. 2021 च्या चौकशी अहवालाने म्हटलं की कुणाला काही होत नाही असं वातावरण राज्याने तयार केलं, म्हणून जबाबदारी राज्याची. नोकरीला लावलेल्या पोरापासून हे टोक फार लांब वाटतं. मला ते लांब वाटत नाही. ज्या देशात प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा मिंधा असतो, तिथे एकटीने प्रश्न विचारणाऱ्या बाईची बाजू घ्यायला मोकळा माणूस उरत नाही.

सिज्जीवीहून व्हॅलेटाला येणाऱ्या बसचा ड्रायव्हर भारतीय होता. चेहऱ्यावरून अंदाज बांधला, आणि शेवटच्या थांब्यावर फोनवर तो "आई, जेवलीस का?" म्हणाला तेव्हा मी थांबलेच. सांगलीकडचा. आधी 'मॅडम', मग दोन मिनिटांत 'काकू'. माल्टाशी भारताचं नातं जुनं आहे. सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आल्या. पण आजचे भारतीय वेगळे. दवाखान्यांत केरळच्या नर्सेस, स्कूटरवर जेवणाचे डबे पोचवणारी पंजाबी आणि गुजराती पोरं, बसवर असे ड्रायव्हर. ज्या बसचा प्रवास इथल्या रहिवाशांना 2022 पासून फुकट आहे, ती बस चालवणाऱ्याने एजंटला काही लाख मोजले होते, सांगलीजवळची अर्धा एकर विकून.

युरोपीय संघाबाहेरच्या या माणसांना मत नाही. म्हणून कुणी उमेदवार त्यांच्या खोलीवर कॉफी प्यायला जात नाही, एका खोलीत सहा जण राहतात हे कुणाच्या वहीत नोंदलं जात नाही. मी त्याला विचारलं, परवान्याचं नूतनीकरण कसं होतं? म्हणाला, गेल्या वर्षी कागद अडकला होता. तीन महिने. गावी बहिणीचं लग्न, आणि देश सोडला तर परत येता येईना. मालकाकडे खेटे घातले, कचेरीत रांगा लावल्या.

"मग?"

"मग काय काकू, खोलीच्या मालकाचा मेहुणा एका मंत्र्याच्या ऑफिसात आहे. त्याच्या कानावर घातलं. चार दिवसांत कार्ड आलं. लग्नाला पोचलो, हळदीच्या दिवशी."

त्याने मोबाईलवर बहिणीच्या लग्नाचे फोटो दाखवले. मला आनंद झाला, मनापासून झाला. आणि त्याच रांगेत कार्डाची वाट बघणाऱ्या, खोलीच्या मालकाला मेहुणा नसलेल्या दुसऱ्या पोरांची चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, त्याच्याच खोलीतला एक नेपाळी मुलगा अजून थांबलाय. त्याच्या वडिलांचे दिवसही इथूनच झाले, व्हिडिओवर. मी विचारलं, त्याचं नाव मेहुण्याला सांगितलंस का? तो म्हणाला, सांगितलं, पण एका माणसाकडे किती वेळा शब्द टाकायचा काकू, आणि पुढच्या वर्षी माझंही कार्ड आहेच. मग सुटायची वेळ झाली म्हणून तो बसमध्ये चढला.